एकाहत्तर सेकंदांचं रीळ

माझ्या सासऱ्यांना एका शेततळ्याच्या मालकाने "बाबा, तुम्ही नुसतं बसा" असं म्हटलं आणि त्यापायी मी बायकोची नेलपॉलिश काढायची अख्खी बाटली संपवली. या दोन गोष्टींचा संबंध तिला अजून पटलेला नाही. म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतो.

सासरे येवल्याचे. उभा जन्म पैठणीच्या मागावर गेला. सासूबाई गेल्या, त्यानंतर उजवा खांदा आखडला. डॉक्टर म्हणाले, साखर असली की होतं असं, हळूहळू सुटेल. तो काही सुटला नाही. हात छातीपर्यंत यायचा आणि तिथे अडायचा. शेवटी माग पुतण्याला देऊन ते आमच्याकडे नाशिकला आले. आले म्हणजे सोफ्याच्या कडेवर येऊन बसले. तीन महिने त्यांनी पाठ टेकली नाही. लेकीच्या घरचं पाणी पिताना अवघडणाऱ्या पिढीतला माणूस. चहा झाला की कप स्वतः विसळून पालथा घालायचे आणि पुन्हा कडेवर. बोलायचे ते एवढंच, की "असू द्या", "राहू द्या", "चालंल".

मला रविवारी गळ टाकून बसायची जुनी खोड आहे. माझा एक मित्र पूर्वी सातपूरला आमच्याच कारखान्यात होता. नोकरी सोडून तो दिंडोरीकडच्या आपल्या द्राक्षबागेत रमला. बागेसाठी त्याने शेततळं खणलं आहे आणि त्यात मासे सोडले आहेत. एका रविवारी मी सासऱ्यांना सोबत नेलं. जाताना ते "चालंल" म्हणाले. येताना मात्र दिंडोरी ते नाशिक अखंड बोलत होते. घरी आल्यावर बायकोने मला स्वयंपाकघरात बोलावून विचारलं, "काय पाजलंत बाबांना?" कारण बाबा सोफ्यावर पाठ टेकून बसले होते.

लगेच दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने आधी साधं रीळ दाखवलं. त्यात दोरा गुंडाळलेला स्पूल जागचा हलत नाही, गळ फेकला की दोरा नुसता वेटोळ्यांनी सुटत जातो. सासऱ्यांनी ते हातात घेऊन परत ठेवलं. "हे फिरतच नाही की." दुसऱ्या प्रकारात गळ फेकल्यावर स्पूल स्वतः गरगर फिरून दोरा सोडतो. त्यावर त्यांनी अंगठा ठेवला, थोडा फिरवला, थांबवला आणि म्हणाले, "हे घ्या." दुकानदार म्हणाला, "काका, नवीन माणसाला हे जमत नाही, गुंता होतो." मी त्याच्याकडे जरा वरूनच पाहिलं. एकतीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये काढलेल्या माणसाला हा यंत्र समजावून सांगणार!

आता शेततळ्याचं सांगायला हवं. पाणी मुरू नये म्हणून तळ्याला आतून जाड प्लास्टिक अंथरलेलं असतं. त्याला सगळे शेतकरी कागद म्हणतात. चहूबाजूंनी उतार, उतारावर कागद, आणि उन्हाळा लागला की पाणी खाली जातं तसा कागद उघडा पडत जातो. काठावर उभं राहून गळ टाकायचा तर तो सगळा उतार ओलांडून पाण्यात पडायला हवा. सासऱ्यांचा हात वर जाईना. नुसत्या मनगटाने त्यांनी गळ टाकला तो थेट कागदावर. दुसरा टाकला तोही कागदावर. तिसऱ्या वेळी गळाचं टोक प्लास्टिकवरून करकर करत घसरलं आणि माझा मित्र बागेतून धावत आला.

"बाबा, राग नका मानू," तो म्हणाला. "पण कागदाला भोक पडलं ना, तर समदं पाणी जाईल. बाग उभी हाय. तुम्ही नुसतं बसा. दादा टाकतील."

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. त्याने द्राक्षाचा क्रेट पालथा घालून दिला, त्यावर स्वतःचा टॉवेल अंथरला. सासरे बसले. क्रेटच्या कडेवर बसले. पुढच्या रविवारी मी तयार होऊन विचारलं तर म्हणाले, "तुम्ही जा. माझं राहू द्या." त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. कप विसळायचा, पालथा घालायचा, कडेवर बसायचं.

मला राग आला. कुणावर ते नीट सांगता येणार नाही, पण मला राग आला की मी काहीतरी खोलतो. मी ते रीळ खोललं.

माझा विचार साधा होता. हातात जोर नाही ना, मग रिळानेच कमी जोर मागावा. स्पूल इतका मोकळा करायचा की नुसत्या मनगटाच्या झटक्याने गळ तळ्याच्या मध्यावर जाईल. मी स्पूलला टिचकी मारली आणि मोबाइलवर वेळ लावली. चौदा सेकंद. चौदा सेकंद म्हणजे लाजिरवाणी गोष्ट. आमच्या टूलरूममध्ये असं बेअरिंग मी पास केलं नसतं, उलट आणणाऱ्याला खाली बसवून चार गोष्टी सुनावल्या असत्या.

स्पूल ज्या दोन बेअरिंगवर फिरतो ती शर्टाच्या बटणाएवढी. कारखान्यातून त्यात घट्ट ग्रीस भरून येतं. ते धुऊन काढायला झाकण उघडायचं आणि झाकण धरून ठेवणारी तारेची कडी टाचणीने उचकटायची. मी उचकटली. ती टण्णकन उडाली आणि कुठे गेली ते कळलं नाही. बायको शेजारी साबुदाणा निवडत होती. तिने परातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. पुढचा पाऊण तास मी कारखान्यातून आणलेला मोठा चुंबक साबुदाण्यातून फिरवत होतो. कडी स्टेनलेसची आहे आणि या जातीच्या स्टेनलेसला चुंबक लागत नाही, हे मला परात रिकामी झाल्यावर आठवलं. एकतीस वर्षं टूलरूम! कडी सासऱ्यांना सापडली. सोफ्यावरून न उठता त्यांनी बोटाने दाखवलं. माझ्या शर्टाच्या खिशाच्या काठाला लटकत होती.

बेअरिंग धुवायला आधी स्कूटरमधलं पेट्रोल वापरलं. घरभर वास सुटला. मग नेलपॉलिश काढायचं पाणी आठवलं, त्याने ग्रीस झकास निघतं. काचेच्या वाटीत बेअरिंग बुडवून मी तासाभराने पाणी बदलत गेलो. त्या संध्याकाळी आम्हाला गंगापूर रोडला एका लग्नाला जायचं होतं. बायकोने डाव्या हाताची नखं पुसली आणि उजव्या हातासाठी बाटली उलटी केली, तर एक थेंब नाही. ती लग्नाला एका हाताला जुना लाल आणि दुसऱ्या हाताला काहीच नाही अशी गेली आणि स्टेजवर आहेर देताना उजवा हात पदराखाली. "मागावर पैठणी विणली माझ्या बापाने," ती रिक्षात म्हणाली, "आणि पदर मिरवायचा सोडून हात झाकायला वापरतेय मी." मी रिक्षाचं मीटर वाचत बसलो.

धुतलेल्या बेअरिंगमध्ये शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. दोन टाकले की पुन्हा जड. चौदाचे अठ्ठावीस सेकंद झाले. बेअरिंग बसतं ती पितळी जागा टूथपेस्टने घासून चकचकीत केली, एकोणचाळीस झाले. मग मला स्पूलच्या बाजूला तीन इवले प्लास्टिकचे तुकडे दिसले. स्पूल जोरात फिरला की ते बाहेर सरकून कडेला घासतात आणि त्याला आवरतात. आवरतात! म्हणजे मी इकडे जिवाचं रान करतोय आणि हे आतून पाय ओढतायत. मी तिघांनाही काढून रक्तदाबाच्या गोळ्यांच्या डबीत बंद केलं.

एकाहत्तर सेकंद.

मी ओरडलोच. बायकोला बोलावून पुन्हा करून दाखवलं. समोरच्या फ्लॅटमधल्या काकांना बोलावून दाखवलं. त्यांनी "याचा उपयोग काय?" असं विचारलं, म्हणून त्यांना लवकर वाटेला लावलं. मग सासऱ्यांसमोर स्पूल धरला आणि टिचकी मारली. ते एकाहत्तर सेकंद पापणी न लवता बघत राहिले.

"झकास फिरतंय," ते म्हणाले. "थांबतं का?"

मी हसलो. "मामा, थांबायचं काय त्यात? आपोआप थांबतं की. एकाहत्तराव्या सेकंदाला."

ते "बरं" म्हणाले.

शनिवारी संध्याकाळी मी गच्चीवर चाचणी घेतली. गळाऐवजी शिसं बांधलं, पाण्याच्या टाकीकडे नेम धरला आणि हाणला. शिसं टाकीला लागलं आणि थांबलं. स्पूल कशाला थांबतोय! त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तो आपला एकाहत्तर सेकंदांच्या ऐटीत दोरा ओकत राहिला. पाहता पाहता माझ्या हातात सुगरणीचं घरटं तयार झालं. मी सोडवायला गेलो आणि ते दोन घरट्यांइतकं झालं. दुकानदाराचा चेहरा आठवला. ते तीन प्लास्टिकचे तुकडे कशासाठी होते, तेही आता कुणी समजावून सांगायची गरज उरली नाही. माझी सगळी हयात यंत्रं चालू ठेवण्यात गेली. थांबवायचं काम दुसऱ्या खात्याकडे होतं.

खाली येऊन मी ते घरटं मुकाट्याने टेबलावर ठेवलं आणि कात्री शोधायला गेलो. परत आलो तर सासरे सोफ्यावरून उठून खुर्चीत बसले होते. चष्मा नाकावर, हातात बायकोची स्वेटर विणायची सुई.

"कात्री ठेवा," ते म्हणाले. इतक्या जोरात ते आमच्या घरात पहिल्यांदाच बोलले. "दोरा काय कापायची वस्तू आहे?"

रेशीम सोडवलेली बोटं ती. ओढत नव्हती, नुसती सैल करत होती. अर्ध्या तासात घरटं गेलं आणि दोरा राहिला. मी गोळ्यांची डबी आणली. "चूक झाली मामा. ब्रेक पुन्हा बसवतो, ग्रीसही भरतो. होतं तसं करतो." खरं सांगायचं तर मला रडू येत होतं. एवढ्या खटाटोपानंतर त्यांच्या हातात पुन्हा तेच चौदा सेकंदांचं जड रीळ द्यायचं होतं.

त्यांनी माझ्या हातातली डबी बंद केली.

"आसारीला कुणी ब्रेक लावतं का?" ते म्हणाले.

येवल्याचा जावई असून माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं. संक्रांतीला येवल्यात पतंग उडवतात तो आसारीवर. काठीवर बसवलेलं कामट्यांचं हलकं रीळ. आपल्याकडे फिरकी धरायला दुसरा माणूस मागे उभा असतो, तिथे उडवणाराच आसारी सांभाळतो. मांजा सोडताना ती वाऱ्यासारखी मोकळी फिरते आणि कधी, किती थांबवायची ते हाताला कळतं. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला त्यांनी माझ्या हातात आसारी दिली होती. मी शेजारच्या तीन गच्च्यांवर मांजा पसरून ठेवला होता. सासरवाडीत हे अजून निघतं.

रविवारी ते माझ्याआधी बूट घालून तयार होते.

मित्राने त्यांना पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. त्याने क्रेट पालथा घालून टॉवेल अंथरला. सासरे क्रेटपाशी गेले, पण बसले नाहीत. त्यांनी गळाची काठी खाली, कमरेशी आडवी धरली. अंगठा स्पूलवर. मित्र डोळे बारीक करून कागदाकडे पाहत होता. मी कशाकडेच पाहत नव्हतो. आता हा गळ कागदावर पडला असता तर सासरे पुन्हा कधी इथे आले नसते, आणि मला वाटतं आमच्या सोफ्यावरही कधी टेकले नसते.

खांदा हलला नाही. मनगट हललं. स्पूल शिट्टीसारखा वाजला, गळ बाजूने निघून अख्खा उतार ओलांडून गेला, आणि पाण्याला लागायच्या जरा आधी अंगठा हलकेच टेकला. टप. मधोमध. गुंता नाही, काही नाही.

"आयला बाबा!" मित्र म्हणाला. "लयच भारी!"

सासऱ्यांनी दोरा गुंडाळला आणि पुन्हा टाकला. पुन्हा मधोमध. मासा लागलेला नव्हता, पण त्याची कुणाला पडली होती?

मला राहवेना. "मामा, मला एकदा द्या की." त्यांनी दिलं. मी त्यांच्यासारखीच काठी आडवी धरली, त्यांच्यासारखाच अंगठा ठेवला, मनगट झटकलं. अंगठा वेळेवर उचलला गेला नाही. गळ उतारावर पडला आणि कागदावरून करकर करत घसरला. मग घाबरून अंगठा उचलला, तेव्हा स्पूलने घरटं घातलं.

मित्र धावत उतारापर्यंत गेला, वाकून कागद तपासला, हात लावून पाहिला. वाचला होता. तो परत आला आणि त्याने क्रेटकडे बोट दाखवलं.

"दादा, राग नका मानू," तो म्हणाला. "पण तुम्ही नुसतं बसा. बाबांना टाकू द्या."

सासऱ्यांनी माझ्या हातातून रीळ घेतलं. खिशातून बायकोची विणायची सुई काढली. ती त्यांनी येतानाच बरोबर घेतली होती. माझ्याकडे न बघता ते घरटं सैल करू लागले. त्यांचे खांदे हलत होते, आखडलेला धरून दोन्ही. ते हसत होते.

मी क्रेटवर बसलो, टॉवेलवर, चांगला मांडी घालून. इतकं बरं मला कुठल्याच खुर्चीत बसून कधी वाटलं नव्हतं.