शनिवारी बंद असलेला घाणा

माझ्या हातून घडलेला घोटाळा सांगायचा, तर आधी त्याचा स्रोत नोंदवणे आवश्यक आहे. गेल्या वर्षी, दिवाळीनंतरच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी सव्वाअकराच्या सुमारास, धुळ्याच्या एका वाचनालयात निवृत्त ग्रंथपाल आबांनी मला सांगितले, की जुन्या धुळ्यात एका बोळाच्या टोकाला बाहेरून न दिसणारा चौक आहे आणि तिथला तेलघाणा चार पिढ्या शनिवारी बंद असतो.

आता तुम्हीच सांगा, इतिहासाच्या एम.ए.च्या विद्यार्थ्याने शांत कसे बसावे? कोकणातले बेने इस्रायली ज्यू तेल गाळत आणि धर्माप्रमाणे शनिवारी घाणा बंद ठेवत. म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. खानदेशातला असा पहिला पुरावा माझ्या हाती येत होता! (वहीत मी ‘बहुधा पहिला’ असे लिहिले.)

बुधवारी मी चौकात हजर. मालक नाना, वय सत्तर, ओट्यावर बसले होते. ज्यू घरांत दाराच्या उजव्या चौकटीवर पवित्र वचनांची डबी तिरकी बसवलेली असते आणि येणारे-जाणारे तिला स्पर्श करून बोटे ओठांना लावतात, हे मला वाचून ठाऊक होते. मी चौकट तपासू लागलो. मोजपट्टी धरायला दोन्ही हात हवेत, म्हणून पेन चौकटीतल्याच एका खाचेत खोचले. माप झाल्यावर ते काढून लिहिले: ‘डबी आढळली नाही.’

“नाना, शनिवारी घाणा बंद?”

“बंद शे ना.”

“आजोबांच्या काळीही?”

“आजाना येळले बी.”

“हातसुद्धा लावत नाही?”

“कसाले लावसू हात?”

“नियम फार कडक दिसतो.”

“कडकच शे भाऊ.”

कारण मी विचारले नाही. उत्तर सुचवणारे प्रश्न टाळावेत, असे आम्हाला शिकवले आहे.

शुक्रवारपर्यंत बारा पानांचे टिपण आणि प्रबंधाचा विषय बदलण्याचा अर्ज तयार! मार्गदर्शक मॅडमनी अट घातली, “आधी बघीन, मग सही. नाहीतर तुमचा कापसाचा जुना विषय आहेच.” कापसाच्या गाठींवर वर्ष काढायची माझी मुळीच इच्छा नव्हती.

शनिवारी मॅडम जळगावहून एसटीने आल्या. घाणा बंद! मी पुराव्याकडे बोट दाखवले. नानांनी चहा दिला. कप धरायचा म्हणून मी पेन पुन्हा खाचेत खोचले.

मॅडमनी एकच प्रश्न विचारला. “नाना, शनिवारी का बंद?”

“शनवारे तेल कोन लेस ताई? शनिले वाहानं तेल बी लोके शुक्रवारेच लई जातस. गिऱ्हाईकच नही, मंग घाना कसाले फिराऊ?”

मॅडम माझ्याकडे वळल्या. “तुमच्या घरी शनिवारी तेल आणतात?”

या मुद्द्यावर माझ्याकडे विश्वसनीय माहिती नाही, असे मी म्हणालो.

“मग लावा आईला फोन. स्पीकरवर.”

पाचोऱ्याहून आई म्हणाली, “धुळ्यात आहेस ना? घाण्याचं तेल आण. पण आज नको रे बाबा, शनिवार आहे! एवढा शिकलास आणि…”

पुढचे वाक्य मॅडमनी शांतपणे ऐकून घेतले. “माय शहानी शे,” नाना म्हणाले.

बारा पाने पिशवीत घालून मी निघालो, तोच नानांनी हाक मारली.

“भाऊ, पेन राह्यनं! त्या खाचमा बरोबर बसस तुमनं पेन. पन ती खाच आमनी नही. आजानी हाई घर एक रेल्वेना साहेबकडथून लिधं, तवयपासून शे. तो साहेब म्हने जाता-येता तठे हात लावे, मंग बोटे व्होठले लावे.”

मॅडम उठल्या. उजवी चौकट. तिरकी खाच. बोटभर लांब.

“चौकट तपासली होतीत?”

“हो. मोजमापासह.”

“आणि?”

मी वही पुढे केली. त्यांनी ती वाचली, मिटली आणि परत दिली. “त्या साहेबांचं नाव आणा. सही करते.”

नाव नानांना आठवत नाही, आणि मलाही ते आजतागायत निश्चित करता आलेले नाही. सध्या मी कापसावर काम करतो. त्या खाचेत एके काळी काय होते, हे सिद्ध करता येत नाही. सर्वात शेवटी तीत माझे निळे बॉलपेन होते, एवढेच पुराव्यानिशी सांगता येते.