अकरा वाजता हळ्ळी

ट्रेकचा बेत माझ्या दिराने आखला, मारतहळ्ळीच्या अकराव्या मजल्यावर बसून, एक्सेलमध्ये. उंटावरून शेळ्या हाकायच्या तर उंटही तसाच उंच हवा. घाटातली एक नदी, तिच्या पाणलोटातले ओढे आणि जंगल, दोन दिवस, सात मोठी माणसं आणि माझी दहा वर्षांची मुलगी. आम्ही तिघं शहराच्या दुसऱ्या टोकाच्या बनशंकरीहून त्या बैठकीसाठी गेलो, तर मुलगी ट्रेकचे नवे बूट घालूनच निघाली.

सासर पुण्याचं, मी निपाणीकडची. माझ्या मराठीला कानडी हेल आहे, हे मला दर भेटीत ऐकवलं जातं. मी ‘बरं’ऐवजी ‘सरी’ म्हटलं की सगळे खुदखुदतात. मीही हसते. लग्नाला बारा वर्षं झाली, सवय झाली आहे.

टीव्हीवर तक्ता लावला होता. आठला चालायला सुरुवात. अकराला हळ्ळी, चहा-पोहे.

“कुठली हळ्ळी?” मी विचारलं.

“नाव नाही सांगितलं. तिथला वाटाड्या अण्णा फोनवर नुसतं हळ्ळी म्हणाला. हळ्ळी म्हणजे गाव, वहिनी. मारतहळ्ळीत राहतो मी, एवढं कळतं मला.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. बिननावाचं गाव असतं होय? “भावजी, तो हळ्ळ म्हणाला असेल. हळ्ळ म्हणजे ओढा.”

“एका वेलांटीचा तर प्रश्न! स्वल्प ॲडजस्ट माडी, थोडं चालवून घ्या, वहिनी!”

सगळे खो खो हसले. मी टेबलावरचा त्याचाच फोन उचलला, अण्णाला लावला आणि स्पीकरवर टाकून कानडीत विचारलं. हळ्ळच, तो म्हणाला. खाली ऊन असलं तरी वर डोंगरात पाऊस झाला की बघता बघता छातीएवढं पाणी येतं. “त्या सरांना दोनदा सांगितलं अक्का, लहान मूल घेऊन ओलांडू नका. ते सरी सरी म्हणत राहिले.”

आता कोणी हसलं नाही. दिराने ती ओळ खोडली, “बरं झालं, आधीच कळलं,” म्हणाला आणि चहा-पोहे खालच्या रकान्यात सरकवले. मग मात्र माझा तोल सुटला. तुमच्या छातीएवढं पाणी माझ्या पोरीच्या डोक्यावरून जातं, ते कुठल्या रकान्यात लिहिणार होतात? नवरा “जाऊ दे ना” म्हणाला, तर त्यालाही चार शब्द सुनावले. माझी पोर येणार नाही, असं सांगून मी चपला घातल्या.

गाडीत मुलगी मागे बसून बुटांच्या नाड्या सोडत होती. ती शाळेत कानडी शिकते, चांगली बोलते. मागच्या रविवारी दिराने आमच्याच घरून तो फोन केला, तेव्हा ती शेजारी गृहपाठ करत होती.

“आई, अण्णा हळ्ळच म्हणाले होते. मी ऐकलं होतं.”

“मग सांगितलं का नाहीस काकांना?” मी जवळजवळ ओरडलेच.

“तू बोललीस की सगळे हसतात,” ती म्हणाली. “तूपण हसतेस.”