नवरीच्या पाठीमागचा मामा

नव्वदच्या दशकाच्या अखेरीला मी साताऱ्यात राहून सांगलीपर्यंत लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचो. हे सहसा कुणाला सांगत नाही. विचारलंच तर ‘तेव्हा जरा आवड होती’ एवढं म्हणून विषय बदलतो. कुंडलच्या लग्नाबद्दल मात्र आता लिहून टाकतो. फार वर्षं गिळून ठेवलंय.

माझं दुखणं असं, की मला कलावंत व्हायचं होतं. सिनेमात नायिकेचा चेहरा लख्ख दिसतो आणि मागची झाडं लोण्यासारखी विरघळतात. माझ्या कॅमकॉर्डरमध्ये नवरी, नवरा, भटजी आणि मांडवाबाहेर बांधलेली म्हैस, सगळं सारखंच स्पष्ट यायचं. म्हशीला नवरीइतकाच मान. सांगलीच्या रद्दीच्या दुकानात एका परदेशी मासिकात यावर उपाय सापडला. पुढं फोटोच्या कॅमेऱ्याची मोठी लेन्स लावायची, मध्ये दुधी काच, आणि त्या काचेवर पडलेलं चित्र मागून कॅमकॉर्डरनं टिपायचं. पलूसच्या ट्रॅक्टर गॅरेजातून व्हॉल्व्ह घासायची पेस्ट आणून मी काच घासली, नळाच्या पाइपात बसवली आणि वरून काळी चिकटपट्टी गुंडाळली. काचेवर चित्र उलटं पडायचं. म्हणून मग कॅमेराच उलटा धरायचा.

मांडवात शिरल्याबरोबर एका पाव्हण्यानं हटकलं.

“आवं, कॅमेरा उलटा धरलाय की तुमी.”

“हा असाच धरतात.”

“मग आमी बी खाली मुंडकं वर पाय करायचं का?”

मांडव खदखदून हसला. मी हसलो नाही. कलावंतानं हसायचं नसतं, अशी माझी समजूत होती.

आमच्याकडं लग्नाची कॅसेट म्हणजे हजेरी. कोण आलं, कुणी फेटा बांधून घेतला, कोण न जेवता गेलं, हे पुढं वर्षानुवर्षं टीव्हीसमोर बसून तपासलं जातं. नवरीच्या आईनं म्हणूनच मला बाजूला घेतलं. तिनं माहेरच्या जमिनीच्या हक्कसोडीवर सही दिली नव्हती. तेव्हापासून तिचा भाऊ, म्हणजे नवरीचा मामा, बोलत नव्हता. आज मात्र तो आला होता.

“भाऊ, बाकीचं न्हाई घेतलं तरी चालंल,” ती म्हणाली. “माझा भाऊ तेवढा नीट येऊ द्या. समदी म्हणत हुती, त्यो येणार न्हाई. आला, ह्ये दिसाय पायजे.”

“येतील की, अक्का.”

मंगलाष्टकांना मामा नवरीच्या पाठीशी उभा राहतो. तसा तो राहिला. भगवा फेटा, ताठ मान. मी फोकस नवरीच्या नथीवर धरला आणि मागं मामा विरघळला. अगदी सिनेमासारखा. फोकस मागं न्यायला नुसती रिंग फिरवायची होती. मला अक्काचं बोलणं आठवतही होतं. पण नथीचा एकेक मोती असा दिसत होता, की हात हलेना. शेजारी फोटोवाला धडपडत होता. “गड्या, तुझं ते नळकांडं जरा बाजूला घे की!” मी घेतलं नाही. अक्षता पडल्या आणि मामा न जेवता बस गाठायला गेला.

कॅसेट बघायला सगळी भावकी जमली. घासलेल्या काचेचे कण पडद्यावर भुरभुरत होते.

“लग्नात वावटळ आलती का रं?”

“न्हाई, नथ लय झ्याक आलीया.”

“आन् ह्यो मागं कोन? फेटा हाय, त्वांडच न्हाई!”

हशा पिकला. अक्का तेवढी हसली नाही. “माझा भाऊ कुठाय?” तिनं विचारलं.

मला दुधी काच समजावून सांगता आली असती. चूक माझी, असंही म्हणता आलं असतं. मी म्हणालो, “अक्का, कॅमेरा तिकडं नेला की ते मुद्दाम तोंड फिरवायचे. मी तरी काय करणार?”

ती म्हणाली, “मला वाटलंच. बंद करा त्ये.”

दिवाळीनंतर पलूसच्या स्टँडवर कुणीतरी खांद्यावर हात ठेवला. मामा.

“तू त्यो उलट्या कॅमेऱ्याचा न्हवं रं? माझं त्वांड आलं का नीट? पापणी बी हलवली न्हाई बघ. म्हटलं, बहिणीला घरात बसून बघाय मिळंल.”

“आलं की, मामा. झकास आलंय.”

“आलं न्हवं?” तो खूश झाला. मग म्हणाला, “मग भाऊबीजंला बोलवलं का न्हाई रं तिनं?”

तेवढ्यात साताऱ्याची गाडी लागली. मी चढलो, खिडकीत बसलो. मामा खालीच उभा होता, उत्तराची वाट बघत. खाली उतरून एक वाक्य बोलायचं होतं. गाडी कराड ओलांडून पार उंब्रजला पोचेपर्यंत मी ते वाक्य मनात नीट जुळवत बसलो होतो.