धाब्यावर वाळलेला चारा

माझे सासरे न्यायी माणूस होते. हे मी कौतुकाने सांगत नाही, त्यांच्या न्यायाचा मला पुढे फार राग आला. गावात कुणाची बांधाची तक्रार असो की भावकीतलं भांडण, आबांना बोलावल्याशिवाय कुणाचं पान हलत नसे. आबांचं एकच म्हणणं असे, आधी परीक्षा, मग बोलणं. भाजीत मीठ कमी आहे असं सासूबाई म्हणाल्या तरी ते स्वतः चाखून बघत आणि मगच मान हलवत. लग्न होऊन मी या तापीकाठच्या घरात आले तेव्हा मला याचं हसू येई.

आमच्याकडे एक सालदार होता. शहाद्याच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी त्याचं गाव. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल ठरायचं आणि दर आखाजीला तोच पुन्हा राहायचा. वयाने तो आबांच्या बरोबरीचा, तरी घरातली शेंबडी पोरंही त्याला अरेतुरे करत. मीसुद्धा आता लिहिताना ‘तो’च लिहिते आहे, जुनी सवय काही सुटत नाही. बैलांवर त्याचा भारी जीव. बैलांशी तो त्याच्या घरच्या बोलीत, भिलीत बोलायचा आणि आमच्याशी अहिराणीत. सासूबाई चेष्टेने म्हणत, याच्या मनातलं सगळं बैलांनाच ठाऊक.

ते पन्नासच्या दशकातलं शेवटाकडचं एखादं वर्ष असेल. ज्वारी कापून झाली होती आणि हिवाळ्यात अवकाळी दोन सरी पडून गेल्या होत्या. कापलेल्या धसकटांना पुन्हा हिरवेगार फुटवे आले होते. बैलगाडी कापूस घेऊन शहाद्याला गेली होती, ती संध्याकाळी परतली. बैल दिवसभराचे उपाशी. सालदाराने वाटेत आमच्याच शेतातून ते कोवळे फुटवे भारा भरून कापून आणले आणि बैलांपुढे टाकले. एक बैल मुळातच खादाड, त्याने वैरणीचा फडशा पाडायला घेतला. दुसरा निवांत रवंथ करणारा, त्याने दोन-चार घास घेतले असतील.

मी चुलीपाशी होते. बैल हंबरला तसा सालदार ओरडला, म्हणून मी बाहेर आले. खादाड बैल थरथरत होता, तोंडाला फेस, श्वास घ्यायला मान वर वर ताणत होता. आबा पडवीतून येईपर्यंत तो आडवा झाला. गूळपाणी पाजायचं म्हणून सासूबाई तांब्या घेऊन आल्या, पण पाजायला वेळच मिळाला नाही. सालदार त्याच्या मानेवर डोकं ठेवून बसला आणि कितीतरी वेळ उठेना.

दुसऱ्या दिवशी गाव जमलं आणि बोलणी सुरू झाली. धट्टाकट्टा बैल असा उभ्या उभ्या कसा जातो? आणि त्याच गव्हाणीतला दुसरा कसा वाचतो? कुणीतरी आठवण काढली की चार दिवसांपूर्वी सालदाराने गावी जायला सुट्टी मागितली होती आणि आबांनी कापूस वेचणीचे दिवस म्हणून ती नाकारली होती. झालं, लोकांना तेवढं पुरलं. याने राग धरून त्या एकाच बैलाला वेगळं विष चारलं, अशी कुजबुज सुरू झाली.

सालदार हात जोडून आबांपुढे उभा राहिला. ‘‘भूक्या व्हतात बैल, म्हनीसन कवळं दखीसन चारं आबा,’’ एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

सासूबाई आतून म्हणाल्या, ‘‘किराळ लागनं व्हई, दुसरं काय?’’

किराळ म्हणजे कोवळ्या ज्वारीचं विष. ते आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. पावसाळ्यात पीक गुडघाभरही नसताना पावसाने ओढ दिली की शेतात ढोर शिरू नये म्हणून पोरं राखणीला बसवतात. पण हे पावसाळ्यातलं दुखणं, असं सगळ्यांच्या डोक्यात पक्कं. ‘‘हिवाळामा कधी किराळ लागस का?’’ म्हणून एका म्हाताऱ्याने सासूबाईंना गप्प केलं.

दुसरा कुणी असता तर तिथेच सालदाराला हाकलून मोकळा झाला असता. आबा तसे नव्हते. ते म्हणाले, ‘‘परीक्षा करसूत. पंचसमोर करसूत.’’ गव्हाणीत त्याच भाऱ्यातला चारा उरला होता. तो चारा एखाद्या ढोराला घालायचा. ढोर मेलं तर दोष चाऱ्याचा आणि सालदार सुटला. ढोराला काही झालं नाही तर दोष चाऱ्यात नव्हता. इतका सरळ न्याय कुणालाही पटावा. पण पंचांपैकी दोघे रनाळ्याला लग्नाला गेले होते. ते येईपर्यंत चाऱ्याला कुणी हात लावू नये आणि तो सडूही नये म्हणून आबांनी तो स्वतः धाब्यावर, आमच्या मातीच्या छपरावर, उन्हात पसरून ठेवला आणि शिडी काढून घेतली. चार-पाच दिवसांनी पंच आले. चारा खाली काढला, तो कडकडीत वाळला होता. आबांनी आमची म्हातारी म्हैस पुढे ओढली. मेली तर माझी मरेल, दुसऱ्याचं ढोर कशाला, असं म्हणाले. म्हशीने सगळा चारा निवांत खाल्ला, पाणी प्यायली आणि बसून रवंथ करायला लागली. लोक संध्याकाळपर्यंत तिच्याकडे टक लावून बसले होते. तिला काही झालं नाही.

सालदारही तिथेच उकिडवा बसून म्हशीकडे बघत होता. अंधार पडायला लागला तसा तो उठला, गोठ्यात जाऊन उरलेल्या बैलापाशी थोडा वेळ थांबला, पण त्याला शिवला नाही. आबा त्याला एक शब्द वाकडा बोलले नाहीत. ‘‘जाय आते,’’ एवढंच म्हणाले. आखाजी अजून लांब होती. सालाच्या मध्येच परत आलेल्या सालदाराला कुठल्याही गावात पुन्हा कुणी ठेवत नाही, हे आबांनाही माहीत होतं आणि त्यालाही.

यानंतर बरीच वर्षं गेली. शहाद्याला ढोरांचा दवाखाना झाला होता आणि तिथला डॉक्टर बुळकांडीची लस टोचायला गावात आला होता. हा तरुण देशावरचा होता, बोलायचा पुस्तकासारखं. तो आमच्या ओट्यावर चहा पीत असताना शेजारच्यांची गाय तशीच तडफडायला लागली. तिनेही कापलेल्या ज्वारीच्या फुटव्यांत तोंड घातलं होतं. डॉक्टर पेटी घेऊन पळाला, शिरेत इंजेक्शन दिलं आणि गाय वाचली. मग त्याने तेच फुटवे कुस्करून एका लहान बाटलीत भरले, वर दोन थेंब कसलंसं पाणी टाकलं आणि बुचाला एक पिवळी कागदाची पट्टी अडकवून बाटली मुठीत धरून बसला. थोड्या वेळात पट्टी विटकरी झाली.

‘‘हे बघा विष,’’ तो म्हणाला.

आबा आतापर्यंत थकले होते, डोळ्यांनी कमी दिसत होतं. त्यांनी पट्टी डोळ्यांजवळ धरली. मग विचारलं, हा चारा वाळवून घातला तर?

डॉक्टरला वाटलं, आबांना शास्त्राची आवड आहे. तो खुलला. म्हणाला, पान चावलं, चिरडलं की त्यातून विषारी वायू सुटतो. ऊन लागून चारा नीट वाळला की तो उडून जातो, वाळल्या कडब्याने कधी ढोर मेलंय का? शिवाय उपाशी ढोराने भराभर भारा खाल्ला तर मरेल आणि शेजारच्याने दोनच घास घेतले तर काही होणार नाही, कारण सगळा प्रश्न किती आणि किती वेळात पोटात गेलं याचा असतो. मोठ्या शहरांत औषधांची, विषांची परीक्षा कशी करतात तेही त्याने सांगितलं. उंदरांचे गट करायचे, प्रत्येक गटाला वेगळी मोजलेली मात्रा द्यायची, एका गटाला काहीच द्यायचं नाही, आणि मग तुलना करायची. ‘‘एकाच जनावराला एकदाच घालून काही कळत नाही, आजोबा. आणि वस्तू बदलली की परीक्षाच बदलली.’’

आबांनी त्या फुटव्यांतले काही मागून घेतले आणि धाब्यावर पसरले. पुढच्या आठवड्यात डॉक्टर उरलेल्या ढोरांना टोचायला आला तेव्हा तो वाळलेला चारा त्याच्या हातात दिला. पट्टी पिवळीच राहिली. त्या दिवशी आबा जेवले नाहीत आणि मी दोनदा ताट वाढून दोनदा परत नेलं. मला त्यांची कीवही येत होती आणि संतापही. रागाच्या भरात सालदाराला हाकललं असतं तर राग शांत झाल्यावर परत बोलावता आलं असतं. इथे तर पंच होते, साक्षी होते, म्हैस होती. इतक्या निगुतीने केलेल्या चुकीवर कुणी पुन्हा विचार करत नाही.

दोन दिवसांनी आबा सालदाराच्या गावी जायला निघाले. माझे यजमान धुळ्याला नोकरीला होते, आबांना धड दिसत नव्हतं, म्हणून मी बरोबर गेले. शहाद्याहून दुसरी एसटी आणि मग पायवाट. झोपडीपुढे त्याच्या मुलाची बैलजोडी बांधली होती. तो मात्र लांब, पार दुसऱ्या टोकाला मोहाच्या झाडाखाली बसला होता. पिकलेला, वाळलेला. आबांना बघून धडपडत उठला.

आबांनी वाटभर शब्द जुळवले होते, ते सगळे सांगितले. फुटवे, ऊन, पिवळी पट्टी. तुझा दोष नव्हता, माझी परीक्षाच खोटी होती, माफ कर. तो चिडेल, शिव्या देईल, अशी मी मनाची तयारी केली होती. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘‘मी इख चारं नही, हाई माले ठाव व्हतं आबा. पन चाराबी चांगला निंघना. मंग मन्हा हातमाच काही व्हई, आशे समजनू. त्या दिनपाइन मी ढोरले हात लावस नही.’’

सून दारात उभी होती. ती खालच्या आवाजात मला म्हणाली, नातवालाही घेत नाहीत.

मला रडू आवरेना. आबांची परीक्षा गावाने मानली, पंचांनी मानली, पण सगळ्यांत मनापासून ती या माणसाने मानली होती.

‘‘ती पट्टी आनी का आबा?’’ त्याने विचारलं. ‘‘मन्हा हातले लाई दखा.’’

पट्टी कुठली असणार! आबा म्हणाले, ‘‘भाकर दे तुन्हा हातनी.’’ आमच्या घराण्यात त्याच्या हातचं पाणीही कुणी कधी प्यायलं नव्हतं. तो नको नको म्हणत असताना आबांनी त्याच्या हातून चतकोर घेतला आणि चटणीबरोबर शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ला. तो घाबरून आबांच्या तोंडाकडे बघत होता, त्या दिवशी म्हशीकडे बघत होता तसाच. आम्ही निघालो तेव्हाही त्याची नजर हटली नव्हती.

पुढच्या बाजाराला त्याचा मुलगा शहाद्याहून वाट वाकडी करून आमच्या दारात आला. बापाने आबांच्या तब्येतीचं विचारायला सांगितलं होतं, आबा बरा शेतस ना? आबा ओट्यावरच होते, हसून हो म्हणाले. मग त्याच्या गावचं कुणी ना कुणी अधूनमधून येऊन तेवढंच विचारून जाई. एकदा निरोप आला की सालदाराने एका वासराच्या पाठीवरून हात फिरवला. आबांनी त्या दिवशी सगळ्यांना गूळ वाटायला लावला.

त्यानंतरच्या हिवाळ्यात आबा गेले. वय झालं होतं, छातीत कफ झाला आणि झोपेतच गेले. तेराव्यानंतर काही दिवसांनी तो मुलगा पुन्हा दारात उभा राहिला आणि त्याने नेहमीचं विचारलं. सासूबाई आत होत्या. मी डोक्यावरचा पदर सारखा केला, ओट्यावरच्या रिकाम्या जागेपुढे उभी राहिले आणि म्हटलं, ‘‘बरा शेतस म्हना.’’