टीव्हीतनं माझं तोंड जाईना

गड्यांनो, आज लय वैताग झाला. मी हितं कोईमतुरात सोनं गाळायच्या दुकानात, आन् टीव्ही बिघडला तासगावात, आमच्या घरी.

जुना प्लाझ्मा टीव्ही मीच धाडलेला, पेनड्राइव्हात माझा फोटो घालून. "लेकराचा फोटो कसा विझवू?" म्हणत आईनं तो दिवसदिवस लावून ठेवला. पडद्यावर त्याचा डागच पडला. आमचं वडील, आण्णा, फोनवर म्हणले, "बातम्यावाल्या बाईला तुझ्या मिश्या दिसत्यात रं."

मी सांगितलं, नुसता पांढरा पडदा चालू ठेवा. ठेवला. डाग हाय तसाच. मेकॅनिक म्हणला, पडदाच बदलाय लागंल, आन् तो आता मिळत न्हाई.

फोनवर आण्णांच्या मागनं आई बोलली, "टीव्हीतनं हलंना, आन् घरी येईना."

डागावर उपाय कुणाला ठावं असंल तर सांगा. सुट्टीचं इचारू नका, मालक न्हाई म्हणलाय.