मेंढरांनी दुसऱ्या कडव्याला कपडे बदलले

गाण्याचा व्हिडिओ काढताना कुणी गात नसतं. ही गोष्ट मामाला पटवण्यात माझा अख्खा दिवस गेला आणि ती त्याला आजही पटलेली नाही.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. आमच्या वाडीहून कॉलेजची वेळ गाठणारी एसटी नव्हती, म्हणून चार वर्षं त्याच्याकडे पिंपळवंडीला राहून मी अवसरी खुर्दला इंजिनिअरिंगला जात होते. मामाची शेती जेमतेम, पण मेंढरं सत्तरेक. मेंढरांमागे चालता चालता तो ओवी म्हणायचा. टोमॅटोचं रान दिसलं की ओवीत टोमॅटो, पाटाला पाणी आलं की ओवीत पाणी. कालची ओवी परत म्हण म्हटलं की म्हणायचा, "कालचं गवात आज ऱ्हातं व्हय?"

संध्याकाळी एसटीतून उतरले की त्याचा आवाज कुठून येतो ते बघायचं आणि त्या दिशेने घर गाठायचं, अशी माझी चार वर्षं गेली. त्या आवाजाला मी घराइतकीच सवकले होते, म्हणून त्याची किंमत कळत नव्हती.

शेवटच्या वर्षी मामाने मेंढरं विकायचं ठरवलं. चराईची रानं द्राक्षबागांच्या तारेआड गेली होती, बिबट्यामुळे वाघरीचं जाळं लावून मेंढरांसकट रानात मुक्काम करायची सोय उरली नव्हती, आणि त्याचे गुडघेही कुरकुर करत होते. नगरकडचे एक मेंढपाळ सबंध कळप न्यायला तयार झाले. मामी म्हणाली, "बरं झालं, आता तरी घरात बसून गाणी म्हणा." मामा म्हणाला, "मोकळ्या रानाला कोन गानं म्हनतंय? मेंढरं गेली की ओवी बी गेली."

तो हे इतकं सहज बोलला की मला भीती वाटली. कळप जायला पंधरा दिवस होते. तेवढ्यात त्याचा आवाज कुठेतरी धरून ठेवायचा, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

कॉलेजातला एक मित्र बैलगाड्यांच्या गाण्यांचे व्हिडिओ काढायचा. त्याच्याकडे कॅमेरा होता, ड्रोन होता आणि मतं तर भरपूर होती. मी म्हटलं, नुसता आवाज रेकॉर्ड करू. तो म्हणाला, "नुसतं गाणं कोण ऐकतंय? लोकांना बघायला काहीतरी दिलं की त्या निमित्ताने ते चार मिनिटं गाण्यापाशी थांबतात. व्हिडिओ त्यासाठीच असतो." मग त्याने मला या धंद्याचे रिवाज सांगितले. गाणं आधी स्टुडिओत करायचं, रानात ते स्पीकरवर लावायचं आणि गाणाऱ्याने फक्त ओठ हलवायचे. सुरुवातीला ड्रोन डोंगरावरून आलाच पाहिजे. नायक चालला की हळू चालला पाहिजे, आणि धूळ उडालीच पाहिजे. दर कडव्याला कपडे बदलायचे. का, ते विचारायचं नाही. मागे दहा माणसं नाचायला हवीत. "दहा माणसं कुठून आणू?" मी म्हटलं. तो म्हणाला, "सत्तर मेंढ्या आहेत की."

नारायणगावातल्या एका छोट्या स्टुडिओत मामाने दोन कडवी म्हटली. काचेच्या पेटीत उभं राहून त्याने जे म्हटलं ते बरं होतं, पण त्यात रान नव्हतं. मग पहिल्या कडव्याच्या शूटिंगला आम्ही माळावर गेलो. स्पीकर लागला, मेंढरं दचकून पांगली, मामाने शिव्या घालत ती गोळा केली आणि लगोलग ओवी सुरू केली. भलतीच.

"मामा, स्पीकरवर लागलंय तेच म्हणायचं. म्हणायचं पण नाही, नुसते ओठ हलवायचे."

"आवाज न काढता?"

"हो."

"त्यापरीस तोंड मिटून उभा ऱ्हातो की."

दिवस कलेपर्यंत हेच चाललं. स्पीकर डोंगराचं गायचा, मामा समोरच्या कांद्याचं. मी चिडले. माझा राग नाकावर असतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मामा शांतपणे म्हणाला, "ऱ्हाऊ दे की पोरी. त्येचं ते म्हनतंय, माझं मी म्हनतो. भांडान कुठं हाय?" शेवटी मित्राने तोडगा काढला. ओठ दिसतील असं जवळून घ्यायचंच नाही; पाठीमागून, लांबून आणि वरून घ्यायचं. पहिलं कडवं कसंबसं पार पडलं.

दुसऱ्या कडव्यासाठी चार दिवसांनी गेलो, तर मेंढरांची ओळखच पटेना. मामाने मेंढरं नदीवर धुऊन आणून, भाऊबंद बोलावून सगळीच्या सगळी कातरली होती. पहिल्या कडव्यातली काळी, गुबगुबीत मेंढरं आता सडसडीत, अंगावर कातरीच्या रेघा घेऊन उभी होती. शेजारी नवा फेटा बांधलेला मामा कौतुकाची वाट बघत उभा.

"हे काय करून ठेवलंस?" मी ओरडले. "आधीच्या शॉटशी जुळणार कसं आता?"

मामाचा चेहरा उतरला. "चार लोक बघनार. आपन फोटूला जाताना डोकी करतो, मग ह्यांना तसंच झिपरं उभं करू व्हय? आन् पाव्हन्यांच्या घरी जायचंय त्यांना."

मला त्या क्षणी लाज वाटायला हवी होती. ती नंतर वाटली. मित्र मात्र पोट धरून हसत होता. म्हणाला, "अगं, हिरॉईन दर कडव्याला साडी बदलते तेव्हा कुणी विचारतं का? मेंढरांनी बदलली. रिवाजाला धरूनच झालं." त्या मुलाचे माझ्यावर बरेच उपकार आहेत, त्यातला हा सगळ्यात मोठा. परत कळप मिळणार नव्हता. दुसऱ्या दिवशी नगरकर येणार होते.

त्या दिवशी मी मामाला काहीच सूचना दिल्या नाहीत. स्पीकर लांब ठेवला. मामा मेंढरांत शिरला, आमच्याकडे पाठ करून हळूहळू माळ उतरत गेला. मित्र कॅमेरा घेऊन मागे होता. मला वाटलं, स्पीकरबरोबर काहीतरी पुटपुटत असेल.

कॅमेरा स्वतःही आवाज टिपत असतो, पण गाण्याच्या व्हिडिओत त्याला किंमत नसते. स्टुडिओतलं गाणं चित्राशी जुळवून झालं की तो आवाज बंद करून टाकायचा, हाही एक रिवाज. कळप गेल्यावर आठवड्याने मी कॉलेजच्या लॅबमध्ये जुळवाजुळव करत बसले होते. काढून टाकण्याआधी सहज तो आवाज ऐकला. वारा, खुरांचा आवाज, एक कोकरू, आणि मामा:

मेंढ्यांनो गं मायांनो, तुमच्या मागं झिजलं पाय,
तुमच्या जिवावर शिकली भाची, मी फेडू तरी काय.
नव्या धन्याच्या रानात जावा, मागं वळून पाहू नका,
मी हाक मारली तरीबी बायांनो, तुमी माघारी येऊ नका.

मी हेडफोन काढून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. याच माणसावर मी लोकरीपायी ओरडले होते.

व्हिडिओत ड्रोन डोंगरावरून येतो, धूळ उडते, मेंढरं कपडे बदलतात. सगळं रिवाजाप्रमाणे आहे. फक्त स्टुडिओतलं गाणं संपल्यावर मी ती ओवी जशीच्या तशी ठेवली, वाऱ्यासकट. मित्र म्हणाला, गाणं संपल्यावर कुणी थांबत नसतं. मी म्हटलं, नाही थांबले तर नाही.

मामा खरोखरच गप्प झाला होता. पाणी धरायचा, बाजारहाट करायचा, पण तोंडातून ओळ नाही. व्हिडिओ बघायलाही तयार नव्हता. कॉलेज संपल्यावर दिवाळीला मी गेले, तेव्हा मामीनेच दुपारी तो टीव्हीवर लावला. स्वतःला हळू चालताना बघून मामा म्हणाला, "येवढं गुडघं दुखत न्हवतं तवा." मेंढरं कातरलेली दिसली तशी माझ्याकडे बघून म्हणाला, "बघ, कशी लख्ख दिसत्यात." मग गाणं संपलं आणि वारा सुरू झाला. तो पुढे सरकून बसला. शेवटची ओळ आली, कोकरू ओरडलं, पडदा काळा झाला.

मी म्हटलं, "मामा, तुझ्यामुळे शिकले रे मी. मेंढरांमुळे नाही." इतक्या वर्षांत हे मी कधी बोलले नव्हते.

त्याने ऐकलं की नाही कोण जाणे. तो अजून टीव्हीकडेच बघत होता.

"ह्ये तर माझं झालं," तो म्हणाला. "त्या काय म्हनाल्या, ते ऱ्हायलंच की." आणि कानावर हात ठेवून त्याने मेंढरांचं उत्तर म्हणायला सुरुवात केली.