मालकाची बाजू

शिकागोजवळ नेपरव्हिलला घर घेतलं त्या पहिल्या उन्हाळ्यात शेजारच्या म्हाताऱ्याने मला बेसबॉल शिकवला. तो रेल्वेतून रिटायर झालेला, एकटाच राहायचा. संध्याकाळी गराजचं दार वर करून दोन घडीच्या खुर्च्या मांडायचा आणि रेडिओवर मॅच लावायचा. दुसरी खुर्ची माझी. बॅट टाकून का पळायचं, बॉलरला पिचर का म्हणायचं हे क्रिकेट खेळलेल्या मला समजायला वेळ लागला, पण टीमच्या मालकाला शिव्या का द्यायच्या हे लगेच समजलं. टीम हरत होती आणि मालक पैसा सोडत नव्हता.

"खिसा शिवून टाकलाय त्याने," म्हातारा म्हणायचा. "चांगला पिचर मिळत असताना हा स्टेडियमच्या खुर्च्या रंगवतोय. तोही रंग पाणी घालून."

सकाळी ऑफिसला जाताना शिकागोच्या ट्रेनमध्येही हाच विषय. मी मात्र मालकाची बाजू घ्यायचो. दह्याचे रिकामे डबे धुऊन ठेवणाऱ्या घरातला मी. हात आखडून खर्च करणारा माणूस मला आपल्यातला वाटायचा. पैसा त्याचा आहे, विचार करूनच खर्च करणार, असं मी म्हटलं की म्हातारा हसायचा. "तू आणि तो एका आईचे." आमची मैत्री या भांडणावरच चालली होती.

दुसऱ्या उन्हाळ्यात गराज उघडलं नाही. त्याला पोटाचा कॅन्सर झाला होता. डॉक्टरांनी आशा सोडल्याचं त्याच्या मुलीने माझ्या बायकोला सांगितलं.

"अहो, जाऊन बसा त्यांच्यापाशी," बायको म्हणाली. "फक्त आजाराचं काही काढू नका."

ते मला सांगायची गरज नव्हती. आमच्याकडे तसंच करतात. माझ्या वडिलांच्या शेवटच्या दिवसांत घर माणसांनी भरलं होतं आणि जो तो त्यांच्याशी आंब्यांचं, नाहीतर कुणाच्या तरी लग्नाचं बोलत होता. वडीलही मान हलवत होते. त्यांना काय वाटत होतं, ते कुणी विचारलं नाही. मीही नाही.

म्हाताऱ्याच्या पलंगाशेजारी रेडिओ लागला होता. टीम हरत होती. त्याची मनगटं फार बारीक झाली होती.

"या वर्षी तरी त्याने पिचर घ्यायला हवा होता," तो म्हणाला. "एकदा जिंकलेली बघायची होती."

मी नेहमीसारखी मालकाची बाजू घेतली. नवी पोरं तयार होताहेत, घाई केली तर पैसा वाया जाईल, तीन-चार वर्षं थांबा, मग आपण दोघं ग्राउंडवर जाऊनच बघू. ऑफिसात एखादा प्लॅन समजावून सांगावा तसा मी बोलत राहिलो.

त्याने रेडिओचा आवाज कमी केला. "मी मरतोय, हे माहीत आहे ना तुला?"

"असं बोलू नका. बरे व्हाल तुम्ही."

"मालक मला दरवर्षी हेच सांगतो. पुढच्या वर्षी. तू तरी नको सांगूस."

तो चिडून बोलला नाही. चिडला असता तर मला माफी मागता आली असती. त्याने आवाज पुन्हा वाढवला आणि आम्ही मॅच शेवटपर्यंत ऐकली. त्या संध्याकाळी मी त्याच्याबरोबर मालकाला दोन शिव्या द्यायला हव्या होत्या. त्याला तेवढंच हवं होतं, आणि तेवढंही मी दिलं नाही.

नंतर गेलो तेव्हा तो ग्लानीत होता. सीझन संपायच्या आत गेला.

पुढच्या वर्षी मालकाने पिचर घेतला. कंजूष म्हणणारे तेच लोक ट्रेनमध्ये त्याला दिलदार म्हणू लागले. समोरच्या सीटवरचा माणूस मला म्हणाला, "तू एकटाच त्याच्या बाजूने होतास. तुझंच खरं ठरलं. बोल आता."

"उशीर केला त्याने," मी म्हणालो.

सगळे हसले. एकाने माझ्या पाठीवर थाप मारली. मीही आता त्यांच्यासारखाच पक्का फॅन झालो, असं त्यांना वाटलं. मी खिडकीकडे तोंड केलं.